चौल-रेवदंडा : व्यापाऱ्याने एकदा पाहून यावे असे बंदर

सुट्टीत बायकामुलांना घेऊन समुद्रावर जाणारी कुटुंबे आपल्या समाजात आता कमी नाहीत. लोक अलिबागला जातात, मुरूडला जातात, होडीत बसून जंजिरा पाहून येतात. या दोन गावांच्या दरम्यान, कुंडलिका नदीच्या खाडीच्या तोंडाशी, चौल आणि रेवदंडा ही दोन गावे एकमेकांना लागून आहेत. तेथे बहुतेकांची गाडी थांबते ती चहापुरती. आमची गाडीही अनेक वर्षे तशीच थांबत होती. गेल्या थंडीत मात्र आम्ही मुद्दाम दोन दिवस काढले, पायी हिंडलो, चार वृद्धांशी बोललो आणि परत येताना मनाशी ठरवले की, या गावाविषयी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी लिहिले पाहिजे.

याचे कारण सरळ आहे. रायगड जिल्ह्यातील बहुतेक ऐतिहासिक ठिकाणे राजांमुळे व लढायांमुळे प्रसिद्ध आहेत. चौल हे बाजारामुळे मोठे झाले आणि बाजार उठला तसे लहान झाले. तटबंदी, बुरूज आणि तोफा आजही तेथे आहेत. नाही तो फक्त बाजार. ज्यांचे पोट दुकानावर किंवा मागावर चालते, त्यांना या एका गोष्टीत पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

दोन हजार वर्षांची पेठ

चौलचे जुने नाव चेमुल. ग्रीक खलाशांच्या नोंदींत ते सेमिल्ला या नावाने येते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखात चेमुलच्या एका सोनाराने दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या गावचा कारागीर इतका सधन होता की, तो दूरच्या डोंगरात टाके खोदून देऊ शकत होता.

अरब लेखक याच बंदराला सैमूर म्हणतात. बगदादचा प्रसिद्ध प्रवासी व इतिहासकार अल्-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, या शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले आहेत, तसेच येथेच जन्मलेलेही आहेत. येथे जन्मलेल्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. त्या वेळी येथे शिलाहार घराण्यातील झंझ राजाचा अंमल होता. मुसलमानांचे आपसांतील तंटे मिटवण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ असे नाव होते.

वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. राजा हिंदू, व्यापारी परमुलखातले, धर्म वेगळा, भाषा वेगळी. तरीही दहा हजार माणसे घरेदारे करून राहिली. तलवारीच्या जोरावर ती आली नव्हती. माल घेऊन आली, शब्द पाळला आणि राहिली. राजालाही ठाऊक होते की, परक्या व्यापाऱ्याला न्यायाची खात्री मिळाली तरच त्याचे जहाज पुढच्या वर्षी पुन्हा याच बंदरात लागेल. कोकणातील मुसलमानांच्या इतिहासाची सुरुवात अशी तिजारतीने झाली आहे, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

मालाची खबर आणि घोड्याची गोष्ट

पुढे हे बंदर बहामनी सुलतानांकडे आणि १४९० नंतर अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले. घाटावरील मुलखाला समुद्राकडे जाण्याची ही मोठी वाट होती. अरबस्तान व इराणचे घोडे येथे उतरत आणि घाटावरचा कापूस व कापड येथून बाहेर जाई.

१४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. त्याची कहाणी कोणत्याही व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. वाटेत भेटलेल्या व्यापाऱ्यांनी त्याला सांगितले होते की, हिंदुस्थानात तुझ्या देशाजोगा माल भरपूर मिळेल. प्रत्यक्षात आल्यावर त्याच्या ध्यानात आले की, येथला माल आहे उत्तम, परंतु तो त्याच्या मुलखात खपणारा नाही आणि वाटेतील जकातीही भारी आहेत. जुन्नरला तेथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला. एका खुरासानी मुसलमान अंमलदाराने मध्यस्थी केली, तेव्हा तो सुटला. त्या घोड्याला वर्षभर खाऊ घालून शेवटी निकितीनने तो बिदरला विकला. ऐकीव खबरीवर माल उचलणे, वाटखर्चाचा हिशेब न धरणे, माल अडकून पडणे आणि तेवढा काळ पदरचे घालत बसणे, हे सारे आपल्या धंद्यात आजही घडते. फक्त घोड्याच्या जागी ताके असतात. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात या व्यापाऱ्याचे स्मारक २००२ साली उभारले आहे, ते अवश्य पाहावे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा नावाच्या पोर्तुगीजाने चौलच्या बाजाराचे वर्णन केले आहे. डिसेंबर ते मार्च हा तेथला मोसम. या चार महिन्यांत घाटावरून बैलांचे तांडे पाठीवर माल लादून उतरत आणि गावाबाहेर काही अंतरावर मोठा बाजार भरे. बाहेरून तांबे, पारा, हिंगूळ येई. आतून सुती कापड व धान्य जाई. बाकीचे आठ महिने गाव शांत असे. मोसमात कमवायचे आणि वर्षभर जपून खायचे, हा कापडवाल्याचा हिशेब तेव्हाही हाच होता.

तोफा आणि परवाने

या भरलेल्या पेठेवर पोर्तुगीजांची नजर गेली नसती तरच नवल. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आले होते आणि गुजरातचा मलिक अयाझ त्याच्या मदतीला होता. या लढाईत पोर्तुगीजांचा पराभव झाला आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. परंतु पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगीजांनी बाजी उलटवली आणि अरबी समुद्र त्यांच्या हाती गेला.

त्यानंतर त्यांनी जी पद्धत लावली तिला ‘कार्ताझ’ म्हणत. कार्ताझ म्हणजे समुद्रात जाण्याचा परवाना. ज्या जहाजाजवळ तो नसेल ते पकडायचे आणि माल जप्त करायचा. शेकडो वर्षे जो समुद्र सर्वांना मोकळा होता, त्यावर आता नाका बसला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधण्यास सुरुवात केली. तोच रेवदंड्याचा किल्ला. येथपासून चौल दोन झाले. वरचे चौल निजामशाहीचे, मुसलमान व हिंदू व्यापाऱ्यांचे. खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीजांचे.

१५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला अनेक महिने वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. खाडीच्या दक्षिणेच्या डोंगरावर, कोर्लई येथे, निजामशाहीने किल्ला उभारला, तर १५९४ मध्ये तोही पोर्तुगीजांनी घेतला. अखेर वसईच्या मोहिमेनंतर १७४० मध्ये ही ठाणी मराठ्यांकडे आली. तोवर ज्या पेठेसाठी एवढे रक्त सांडले, ती पेठ जवळजवळ उठून गेली होती.

विणकर गेले, गाव राहिले

चौलची खरी दौलत तेथले रेशीम होते. १६१० च्या आसपास फ्रेंच प्रवासी पिरार याने येथल्या रेशमी कापडाची मनापासून तारीफ केली आहे. गोव्याची गरज मुख्यतः येथल्याच मालावर भागे, असे तो म्हणतो. पेट्या, पलंग, लाखकाम केलेल्या वस्तू बनवणारे कारागीरही येथे होते. रेशीम बाहेरून येई आणि हात येथले असत. म्हणजे चौलकडे कच्चा माल नव्हता, हुनर होता.

असा कारागीर कोठेही जाऊ शकतो, कारण त्याची मिळकत त्याच्या बोटांत असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके हेच झाले. निजामशाही १६३६ मध्ये संपली होती. वरच्या चौलवर सत्ता बदलत राहिल्या, लूट झाली, खाडी गाळाने भरू लागली. तिकडे १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मुंबई वसवायची होती. त्यांनी चौलच्या रेशीम विणकरांना बोलावून घेतले आणि त्यांच्या वस्तीसाठी मुंबईत खास रस्ता बांधण्याचा हुकूम काढला. कंपनीचे राज्य कसे होते हे आपण सारे जाणतो. तिचे गुणगान आम्हाला करायचे नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते की, विणकराला काय हवे असते हे तिने ओळखले. राहण्यास जागा, धर्म पाळण्याची मोकळीक, मालाला गिऱ्हाईक आणि रात्री निर्धास्त झोप. यापुढे तटबंदीची उंची विणकर पाहत नाही.

आपल्यातील कितीतरी घराण्यांना ही कहाणी परकी वाटणार नाही. १८५७ नंतर अवध व बनारस भागातील मोमीन विणकर मुलूख सोडून निघाले आणि बऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी येथे येऊन त्यांनी माग लावले. त्यांच्या मागे जी गावे राहिली त्यांचे काय झाले आणि जी गावे त्यांनी वसवली ती कशी वाढली, हे सर्वांसमोर आहे. विणकर गेल्यावर रंगारी जातो, मग दलाल जातो, मग सराफ जातो, आणि शेवटी गावात फक्त जुने दगड मोजणारे राहतात. चौल हे असे दगड मोजण्याचे गाव झाले आहे.

काय पाहावे, कोठे चालावे

रेवदंड्यात शिरताना रस्ता किल्ल्याच्या तटातूनच जातो. गाव सारे किल्ल्याच्या आत आहे. नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून पायवाटेने गेले की पडक्या चर्चच्या भिंती, कमानी आणि ‘सातखणी’ नावाचा उंच मनोरा दिसतो. सात मजल्यांवरून त्याला हे नाव पडले, आज मात्र सारे मजले उभे नाहीत. तटाच्या कडेने समुद्राच्या बाजूला उतरता येते. ही फेरी आरामात केली तर दीड-दोन तासांची आहे आणि वृद्ध माणसांनाही झेपते.

वरच्या चौलमध्ये जुन्या मशिदी, दर्गे व कबरी विखुरलेल्या आहेत. त्यांत आम्हाला सर्वांत अधिक वाटले ते हमामखान्याविषयी. अष्टकोनी खोल्या, वर घुमट आणि उजेडासाठी छताला ठेवलेली भोके. लांबचा प्रवास करून आलेला व्यापारी येथे अंग धुऊन ताजा होत असेल आणि मग बाजारात बसत असेल. जेथे हमाम असतो तेथे मुसाफिरांची वर्दळ असते, एवढा याचा अर्थ साफ आहे. आज इमारतीची पडझड झाली आहे आणि भोवती झाडी माजली आहे. पाहण्यास जाताना पायात बूट असावेत आणि घुमटाखाली मुलांना पळू देऊ नये.

चौलचे रामेश्वर मंदिर व त्याची पुष्करिणी प्रसिद्ध आहे. डोंगर चढण्याची हौस असेल तर हिंगलाजचा डोंगर आणि दत्ताचा डोंगर असे दोन आहेत. हिंगलाजच्या बाजूला जुनी लहान लेणी आहेत. दत्ताच्या डोंगराला पायऱ्या आहेत, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते. बार्बोसाने पाहिलेल्या मोसमी बाजाराची थोडी आठवण आता या जत्रेतच होते.

सर्वांत सुंदर चढण कोर्लईची. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून पाच-सहा किलोमीटरवर कोर्लई गाव लागते. कोळीवाड्यातून वाट दीपगृहापर्यंत जाते आणि तेथून पायऱ्यांनी किल्ल्यावर. डोंगर लांबट व अरुंद आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि समोर रेवदंड्याचा तट. निजामशाही व पोर्तुगीज या टेकडीसाठी का भांडले, हे वर उभे राहिल्यावर न सांगता कळते. येथून खाडीत येणारे एकही जहाज नजरेतून सुटत नाही. खालच्या गावातील ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक वेगळी भाषा बोलतात. राज्य गेले, तोफा गंजल्या आणि आईच्या तोंडची भाषा मात्र राहिली.

या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू लोकांची वस्तीही फार जुनी. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बहुतेक आता इस्रायलला गेले, पण रेवदंड्यात व अलिबागेत त्यांची प्रार्थनास्थळे आहेत.

समुद्रकिनारे

अलिबागहून निघाल्यावर आक्षी, नागाव, रेवदंडा, कोर्लई आणि पुढे काशीद असे किनारे एकामागून एक लागतात. आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. नागावला गर्दी व पाण्यातील खेळ फार. रेवदंड्याची वाळू काळसर, पण किनारा शांत. स्त्रियांना व लहान मुलांना निवांत बसायचे असेल तर आम्ही रेवदंडाच सुचवू. काशीदची पांढरी वाळू पाहण्यासारखी आहे, पण तेथे लाटांचा जोर मोठा आहे आणि अनेक जीव गेले आहेत. भरती-ओहोटीची वेळ कोळी बांधवांना विचारल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

काशीदच्या मागे फणसाडचे अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. सकाळी लवकर गेल्यास जंगलवाटांवर शेकरू दिसण्याचा संभव असतो.

जाणे-येणे, राहणे, खाणे

मुंबईहून पेण-वडखळ मार्गे एस.टी. किंवा स्वतःच्या गाडीने अलिबाग सुमारे शंभर किलोमीटर. अलिबाग ते रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते, परंतु पावसाळ्यात ती बंद असते. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. तासाभरात पलीकडे पोहोचता येते. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावे, खोलीचे भाडेही कमी पडते.

मोठ्या हॉटेलपेक्षा वाडीतील घरगुती निवास बरा. ताजी मासळी, तांदळाची भाकरी, सोलकढी मिळते. मटण-कोंबडी हवी असेल तर हलालची चौकशी आधी करावी. जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातील हजारो नारळी-पोफळी पाडल्या. पोफळ लावल्यापासून फळाला येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. त्यामुळे वाडीवाल्यांना पाहुण्यांपासून मिळणाऱ्या दोन पैशांची आजही मोठी मदत होते. सुपारी, सुकी मासळी, कोकम घ्यायचे तर त्यांच्याकडूनच घ्यावे आणि फार घासाघीस करू नये.

दुकानदाराच्या नजरेने

किनाऱ्यावरील टपऱ्यांत आम्ही कापडवाल्याच्या सवयीने माल पाहिला. टोप्या, बनियन, रंगीत लुंग्या, टॉवेल, सारे बाहेरून आलेले. ज्या गावच्या रेशमाने गोवा सजत होता, त्या गावात त्या नावाचा एक रुमाल विकत मिळाला नाही. येवल्याच्या पैठणीला आज जगभर नाव आहे, कारण तेथे माग चालू राहिला. चौलचे नाव ग्रंथांत राहिले, कारण माग उठला. नाव जपतो तो कारागीर. राजा नव्हे आणि किल्लाही नव्हे.

आज आपल्या गावांतही माग भंगारात निघत आहेत. विजेचे दर, सुताचे चढउतार, उधारीची बुडीत, यांनी माणसे हैराण आहेत. मुले म्हणतात, हा धंदा नको. त्यांना दोष देता येत नाही. पण व्यापारी म्हणून आपण स्वतःला विचारावे की, आपल्या दाराशी येणाऱ्या विणकराचे पैसे आपण वेळेवर देतो काय? त्याच्या मालाला त्याचे नाव राहू देतो काय? तो आजारी पडला तर त्याचा माग बंद पडू नये म्हणून काही करतो काय? पेठ उठते ती एका दिवसात नाही. एकेक कारागीर उठून जातो आणि दुकानदाराला वाटते, दुसरा मिळेल.

म्हणून आमची विनंती आहे की, यंदाच्या सुट्टीत जंजिऱ्याला जाताना एक दिवस चौल-रेवदंड्याला द्यावा. मुलांना समुद्र दाखवावा, किल्ला दाखवावा, आणि त्यासोबत तो पडका हमामही दाखवावा. येथे एके काळी दहा हजार मुसलमान व्यापार करून इज्जतीने राहत होते, शेजारी दुसऱ्या धर्माचे लोक होते आणि सर्वांची रोजी एकमेकांवर अवलंबून होती, हे त्यांना तेथेच उभे राहून सांगावे. दुकानाच्या गादीवर बसून सांगितलेले मुले विसरतात, अशा जागी सांगितलेले सहसा विसरत नाहीत.